फिरत्या लेन्सचा कॅमेरा आणि सरळ रांग

आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना कॅमेऱ्यातलं डोंबल कळत नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी त्यांच्याविषयी काही बोललो तर कुणी म्हणायला नको की हा माणूस आकसानं बोलतोय. आकस आहेच. कितीतरी वर्षं त्यांच्या शाळेत चित्रकला शिकवली, त्यांच्या पोराच्या लग्नात रांगोळ्या काढल्या, निवडणुकीत त्यांच्यासाठी भिंती रंगवल्या. एवढं करून आकस नसता तर मी माणूस कसला, दगडच म्हणायचा.

शाळा ताडकळसच्या बाजूला, एका मोठ्या गावात. मी मूळचा पेडगावचा. घरची जमीन बरी, ती भाऊ बघायचा, आणि मी खडू-ब्रश घेऊन इकडं. फोटोचा नाद मला कॉलेजपासून. शाळेच्या प्रयोगशाळेमागं अडगळीची खोली होती, तिच्या खिडकीला काळा कागद चिकटवून मी डार्करूम केली होती. मोडकी बाकं, फुटके नकाशे आणि पाली यांच्या सोबतीनं तिथं फोटो धुवायचो. पंचक्रोशीत फोटोतलं कळणारा माणूस म्हणून माझं नाव होतं. पंचक्रोशीत दुसरा कुणी नव्हता, हेही तितकंच खरं.

ती वर्षं नामांतराची. विद्यापीठाचं नाव बदलायचं की नाही यावरून सगळा मराठवाडा धुमसत होता. अठ्ठ्याहत्तरला जे जळायचं ते जळून झालं होतं. मी सांगतोय ते नव्वदच्या आसपासचं. भांडण शिळं झालं होतं, थंड झालं नव्हतं. स्टाफरूममध्ये दोन टेबलं होती आणि कुणी कुठल्या टेबलावर डबा सोडायचा हे न सांगता ठरलेलं होतं. आमचे अध्यक्ष स्टेजवर चढले की 'सगळा समाज एक' म्हणायचे आणि खाली उतरून चपला घालता घालता 'नाव-बिव काही बदलत नसतं' म्हणायचे. दोन्ही अगदी मनापासून.

त्या वर्षी शाळेला पंचवीस वर्षं होणार होती. अध्यक्षांच्या डोक्यात आलं की सगळी शाळा एका फोटोत घ्यायची. सगळी म्हणजे सगळी. संचालक, मास्तर, कारकून, शिपाई, झाडून सारी पोरं. 'वरच्या लोकांना दिसू द्या, आपल्यात कसा एकोपा आहे ते.' एकोपा फोटोत दिसतो, अशी त्यांची समजूत होती. खरं कारण वेगळंच. मानवतकडच्या एका संस्थेनं पुण्याचा फोटोग्राफर आणून चांगला दोन हात लांब फोटो काढून घेतला होता, आणि तो अध्यक्षांनी पाहिला होता. तेव्हापासून पोटात दुखायला लागलं. मी म्हटलं, आपणही तोच माणूस बोलवू. तर नाही. 'भाड्याचा कशाला? आपला कॅमेरा पाहिजे. उद्या सभेचा काढू, परवा शेताचा काढू.' नजर पोचते तेवढं आपलं शेत एका फोटोत मावावं, ही त्यांची जुनीच इच्छा होती.

आधी मुख्याध्यापकांनी अक्कल पाजळली. हा माणूस गणिताचा. म्हणाले, 'तीन फोटो काढा आणि डिंकानं चिकटवा, हाय काय अन् न्हाय काय.' काढले बाबा. माझ्या छोट्या फिल्मच्या कॅमेऱ्यानं, आधी डावीकडचा, मग मधला, मग उजवीकडचा. तेवढ्या वेळात कुणी हलणार नाही, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. चिकटवल्यावर पीटीच्या सरांना तीन पाय निघाले. मराठीच्या बाई दोन ठिकाणी बसलेल्या, एका ठिकाणी हसतायत आणि दुसऱ्या ठिकाणी चिडल्यात. अध्यक्षांच्या कानाचा जोड तर बसलाच नव्हता. 'हे काय माकडचाळे लावलेत?' म्हणून त्यांनी तो फोटो टराटरा फाडला आणि कॅमेरा निवड समिती नेमली. समितीत तिघं. मुख्याध्यापक, अध्यक्षांचे जावई आणि मी. जावयांची पात्रता काय, तर त्यांच्या घरी रंगीत टीव्ही होता.

आता मामांविषयी सांगतो. शाळेत दोन शिपाई होते, त्यातले हे थोरले. आमच्याकडं शाळेच्या शिपायाला मामा म्हणायची पद्धत आहे. मामा म्हणायचं आणि दिवसभर राबवून घ्यायचं. हे मामा बौद्ध, जवळच्याच एका खेड्यातले. शाळा पत्र्याच्या एका खोलीत भरत होती तेव्हापासून घंटा त्यांच्या हातात. अठ्ठ्याहत्तरला त्यांच्या खेड्यातली वस्ती पेटवली, त्यात त्यांचं घर गेलं. मग ते बायकापोरं घेऊन शाळेच्या गावात राहायला आले. घराबरोबर भांडी गेली, दाणे गेले, कागद गेले, आणि त्यांच्याजवळ दोन-तीन फोटो होते तेही गेले.

मुख्याध्यापकांच्या खोलीत दर वर्षीचा ग्रुप फोटो काचेत बसवून लावलेला होता. मामा त्यातल्या एकाही फोटोत नव्हते. मुद्दाम वगळलं म्हणाल तर तसंही नाही. वगळायला आधी आठवण व्हावी लागते. पद्धतच तशी होती. बाकं मामांनी मांडायची, खुर्च्या मामांनी पुसायच्या, पोरं उंचीप्रमाणं उभी करायची, आणि मग फोटोग्राफरच्या मागं उभं राहून हात वर करायचा, म्हणजे पोरं तिकडं बघतात. त्या भिंतीवरच्या एकूण एक फोटोत पोरं मामांकडं बघून हसलेली आहेत. हे माझ्याही फार उशिरा लक्षात आलं.

येत्या उन्हाळ्यात मामा रिटायर होणार होते. एक दिवस त्यांनी मला डार्करूमच्या दाराशी गाठलं.

'सर, ह्या फोटूत मी येतो का?'

'सगळेच येणार आहेत, मामा.'

'तसं न्हाई. तोंड दिसंल का? ओळखू यायला पायजे, ह्यो मीच हाय म्हणून.'

मी म्हटलं, एवढंच ना, आत्ता बसा स्टुलावर, तुमचा एकट्याचा काढतो, चांगला मोठा करून देतो. त्यांनी मान हलवली. 'एकट्याचा काय करू? एकट्याचा माणूस मेल्यावर भितीला लावतेत. मला साळंसंगटचा पायजे. नातवंडं इचारतेत, आज्या, तू साळंत काय व्हतास. म्हणलं दाखवावं त्यायला. बगा, ह्ये चेअरमन, ह्ये हेडमास्तर, आन् ह्यो मी.'

मी हो म्हणालो. शब्द दिला, असंच म्हणायला पाहिजे.

समितीची बैठक मुख्याध्यापकांच्या खोलीत भरली. जावयांना कुणीतरी एक रशियन कॅमेरा सांगितला होता, छोट्या फिल्मवर लांब फोटो काढणारा. त्यांना तोच हवा होता. मी समजावलं, की फिल्म बोटाच्या दोन पेरांएवढी आणि माणसं शेकड्यांनी. एकेक तोंड तिळाएवढं उतरणार, आणि मोठं करायला गेलं की नुसता रवा दिसणार. फिल्म मोठी पाहिजे, स्टुडिओवाले वापरतात तो रुंद रोल. एक निगेटिव्ह तळहाताएवढी लांब, म्हणजे टोकाच्या माणसाचेही नाकडोळे उमटतील. मुख्याध्यापकांनी विचारलं, 'मोठ्या रोलवर किती फोटो निघतात?' म्हटलं, एवढा लांब असला तर सहा. 'अन् छोट्यावर?' म्हटलं, साध्या कॅमेऱ्यात छत्तीस. 'मग छोटाच घ्या की!' गणिताचा माणूस! जावयांनी विचारलं, 'यात झूम आहे का?' नाही म्हटल्यावर त्यांचं तोंड असं उतरलं, जसा काही तो कॅमेरा त्यांना हुंड्यात मिळायचा होता.

तरी मोठ्या फिल्मवर मी अडून बसलो, कारण माझ्या डोक्यात मामांचं तोंड होतं. मी कशावर अडून बसलो असं आयुष्यात तेवढं एकदाच झालं. समितीनं शेवटी कंटाळून मान डोलावली आणि चहा मागवला.

परभणीला असला कॅमेरा कुणी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. हैदराबादला एक जुन्या कॅमेऱ्यांचा व्यापारी आहे असं कळलं. त्याला पत्र टाकलं, त्याचं उलट टपाली उत्तर आलं, दोन आहेत, येऊन बघून जा. झालं, आमची वरात निघाली. अध्यक्ष, जावई आणि मी, पूर्णेहून गाडीनं. मुख्याध्यापकांची पाठ धरली होती, नाहीतर तेही आले असते. वाटेत जावयांनी मला झूम म्हणजे काय ते दोनदा समजावून सांगितलं.

दुकान एका बोळात, माडीवर. म्हातारा व्यापारी, जाड भिंगांचा चष्मा, बोलणं दख्खनी. आमच्याकडं परभणीत जुनी माणसं तसंच बोलतात, त्यामुळं मला बरं वाटलं. त्यानं टेबलावर फडकं अंथरलं आणि दोन कॅमेरे मांडले. दोन्ही जपानी, दोन्ही मोठ्या फिल्मचे, दोन्ही लांब फोटोचे. पण जात वेगळी. पहिल्याची लेन्स चांगली वाटीएवढी, समोर पक्की बसवलेली. एका दणक्यात सगळी रुंदी घेणारी. नुसतं बघून हात शिवशिवावेत असा. त्याची खोड एकच, कडेच्या माणसांची डोकी आडवी ताणली जातात आणि कडा जरा काळवंडतात. दुसऱ्याची लेन्स एवढीशी, एका उभ्या नळकांड्यात बसवलेली. बटण दाबलं की ते नळकांडं एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडं फिरतं आणि ब्रश फिरवावा तसं चित्र फिल्मवर ओढत जातं.

अध्यक्षांनी पहिल्याला हात घातला, कारण काच मोठी. उचलून बघितला. 'हाच घ्या. जड हाय.' कलिंगड घ्यावं तशी निवड चालली होती. तेवढ्यात व्यापाऱ्यानं दोन्ही कॅमेऱ्यांनी काढलेले नमुन्याचे फोटो पुढं केले. पहिल्यात कुठल्यातरी बंगल्यासमोर बरीच माणसं रांगेत. अध्यक्ष बराच वेळ बघत राहिले, मग टोकाच्या माणसावर त्यांनी बोट ठेवलं.

'हा कोण?'

'माली होंगा, साब. नै तो बावर्ची.'

'मग ह्याचं डोकं मधल्या साहेबापेक्षा मोठं कसं?'

मी सांगायला लागलो, लेन्स फार रुंद असली म्हणजे कडेला ताण पडतो, त्यामुळं... 'ते राहू द्या, सर. माळ्याचं डोकं साहेबापेक्षा मोठं! असला कॅमेरा असतो व्हय?' त्यांनी तो फोटो असा सारला, जसा ताटातला केस आलेला भात. मग दुसरा बघितला. त्यात एक पलटण सरळ रांगेत उभी. मधला अधिकारी चांगला टपोरा, आणि दोन्हीकडं जवान बारीक बारीक होत गेलेले, टोकाचा तर दाढेखालच्या खड्याएवढा. अध्यक्षांचा चेहरा फुलला. 'हां! ह्याला म्हणतात कॅमेरा! ह्याला बरोबर कळतं, कोण कोण हाय ते.'

अशी निवड झाली. मी सहा महिने मासिकं चाळली होती, पत्रं लिहिली होती, वहीत आकृत्या काढल्या होत्या. ती वही मी पिशवीतून बाहेरसुद्धा काढली नाही. अध्यक्ष आणि जावई घरच्यांसाठी मोती बघायला निघून गेले आणि मी कॅमेरा समजून घ्यायला मागं राहिलो.

म्हातारा नळकांड्यावर फुंकर मारत म्हणाला, 'मास्टरसाब, एक बात सुनो. ये कॅमेरेकू सीधी लाइन नक्को. लेन्स घूमता ना, तो लोगां भी गोल बैठना. बीच में कॅमेरा, सबका फासला एकच. फिर देखो, साब भी उत्ताच, माली भी उत्ताच. और फोटो में लाइन एकदम सीधी आती.'

हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, पण त्याच्या तोंडून ऐकल्यावर मला हसूच फुटलं. अध्यक्षांनी आपलं तोंड मोठं यावं म्हणून जो कॅमेरा निवडला, तोच कॅमेरा, माणसं कमानीत बसवली की, सगळ्यांची तोंडं सारखी करणार होता. मी कुणाला बोललो नाही. मनात म्हटलं, घे बेट्या! स्वतःला मी तेव्हा लय हुशार समजत होतो. परतीच्या गाडीत ती पेटी मांडीवर घेऊन मी एकटाच हसत होतो, आणि जावयांना वाटलं, मला हैदराबाद आवडलं.

मामांना मी सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, 'मंग माझं तोंड केवढं येईल?'

'अध्यक्षांएवढं.'

'तेवढं नगं वो, सर,' ते म्हणाले. पण हसले.

शाळेचं कबड्डीचं मैदान दर वर्षी मामाच आखायचे. आम्ही कॅमेऱ्याच्या जागी खुंटी ठोकली, खुंटीला दोर बांधला, दोराचं टोक मामांच्या एका हातात आणि दुसऱ्या हातात फक्कीचा डबा. दोर ताणून धरत ते चालत गेले आणि जमिनीवर पांढरी कमान उमटत गेली, अर्ध्या वर्तुळाला थोडी कमी. एक कमान खाली बसणाऱ्या पोरांची, एक खुर्च्यांची, एक बाकांची. मैदानाच्या कडेला मोठा कडुलिंब होता, त्याची सावली कुठंवर येते ते त्यांनी आदल्या दिवशीच त्या वेळेला बघून ठेवलं होतं आणि कमान तिच्या बाहेर ठेवली होती. मी चित्रकलेचा मास्तर, पण अशी रेघ मला जन्मात ओढता आली नसती. खुर्च्यांच्या कमानीच्या टोकाला त्यांची स्वतःची उभं राहायची जागा. तिथं त्यांनी विटेचा तुकडा ठेवला.

फोटोच्या दिवशी मामा पांढराफेक शर्ट घालून आले. बायकोनं नीळ घातली होती, ती जरा जास्तच झाली होती. दाढी गुळगुळीत, टोपी नवी. पोरांना गप्प करायचं, हात वर करायचं काम त्या दिवशी माझ्याकडं होतं. सकाळच्या उन्हात सगळी शाळा कमानीत लागली. कुंपणाला गाव जमलं होतं. मी खुंटीच्या जागी तिपाई रोवून कॅमेऱ्यातून बघितलं. टोकाला मामा ताठ उभे, ऊन सरळ तोंडावर.

मग अध्यक्ष आले. हार गळ्यात घालूनच आले होते, मागं संचालकांचा ताफा. मधल्या खुर्चीवर बसले आणि त्यांनी डावीकडं-उजवीकडं बघितलं. आता कमानीत काय होतं, मधला माणूस पोटात मागं जातो आणि टोकं पुढं येतात, पार कॅमेऱ्याच्या दोन्ही बगलांपर्यंत. कागदावर सगळे एका ओळीत. जमिनीवर मात्र अध्यक्ष सगळ्यांत मागं, आणि कारकून, प्रयोगशाळेचा मदतनीस, शिपाई त्यांच्या पुढं, वर त्यांच्याकडं तोंड करून. हे माझ्या टाळक्यातच आलं नव्हतं. एवढा अभ्यास केला होता मी!

'सर!' अध्यक्ष ताडकन उठले. 'हे काय बसवलंत? मी तिकडं मागं, अन् ही माणसं पुढं? माझ्याकडं तोंड करून उभी केलीत, जशी काही माझी पेशी चालली!'

संचालक खीः खीः करून हसले. मुख्याध्यापक म्हणाले, 'मी सांगतच होतो सरांना.' काहीएक सांगत नव्हते. मी त्यांच्यापाशी गेलो, हातवारे करून समजावलं, लेन्स इथून अशी फिरते, फोटोत सगळं सरळ येतं.

'फोटोत येईल हो. पण लोक आत्ता बघायलेत ना!' त्यांनी कुंपणाकडं बोट केलं. मग माझ्या खांद्यावर हात टाकला, मला जवळ ओढलं आणि आवाज खाली आणला. 'सर, तुमी आपले. आपल्याच माणसानं असं करावं का? तेबी ह्या दिवसांत? उद्या म्हणतील, फोटोत पुढं उभे राहिलो, आता नावबी आमचंच.' आणि मग सरळच विचारलं, 'एकच सांगा. सरळ रांग केली तर फोटो येणारच नाही का?'

इतका सोपा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. 'नाही येणार, साहेब.' एवढं म्हटलं असतं की गडी गप्प बसला असता. त्याला कॅमेऱ्यातलं काही कळत नव्हतं, मी सांगेन ते त्यानं खरं धरलं असतं. माझी नोकरी पक्की, घरी जमीन. मला काडीची भीती नव्हती. आणि मी म्हणालो, 'येईल की, साहेब. सरळ रांगेतही येईल.' वर, कुणी न विचारता, आणखी म्हणालो, 'तुमचं बरोबर आहे.'

का म्हणालो, ते सांगतो. तो खांद्यावरचा हात. तो मला बरा वाटला. हे लिहिताना लाज वाटते, पण आहे ते असं आहे. कुणी 'तुमी आपले' म्हटलं की आमच्यासारख्याचं शेपूट आपोआप हलायला लागतं, शिक्षण कितीही असो. अध्यक्षांचा मी एवढा तिरस्कार करायचो, आणि त्यांच्या हाताचं वजन मला हवंहवंसं वाटलं. थू!

मग काय, बाकं ओढली, खुर्च्या सरळ झाल्या, फक्की पायाखाली गेली. 'मला जरा आणखी जवळ घ्या,' अध्यक्ष म्हणाले, म्हणून सगळी रांगच पुढं सरकवली. रांग सरळ झाल्यावर तिचं एक टोक लांब, पार कडुलिंबाखाली गेलं. मामांनी वाकून विटेचा तुकडा उचलला आणि नव्या जागी, सावलीत, नेऊन ठेवला. लांबून माझ्याकडं बघून त्यांनी मान हलवली, म्हणजे मी तयार. मी हात वर केला, पोरं हसली, मी बटण दाबलं. लेन्स मामांपासून निघाली आणि दुसऱ्या टोकाला जाऊन थांबली. सहाच्या सहा फोटो असेच काढले.

धुतल्यावर फोटो मासोळीसारखा निघाला. मधे पोट, दोन्हीकडं निमुळतं होत गेलेलं. पोटात अध्यक्ष, हारासकट, गालासकट. एका टोकाला लिंबाच्या सावलीत एक पांढरा शर्ट, आणि शर्टाच्या वर काळं. मी ते टोक तेवढंच मोठं करून बघितलं. एकदा केलं, मग उजेड कमी करून केलं, मग नुसत्या तोंडावरचा उजेड हातानं अडवून केलं. शर्टाच्या गुंड्या मोजता येत होत्या. तोंड नव्हतं. निगेटिव्हमध्येच काही उतरलेलं नव्हतं, मी कुठून आणणार!

अध्यक्ष जाम खूश. 'सर, कॅमेरा एक नंबर निवडलात!' समारंभात मला शाल आणि नारळ दिला. मी घेतला. वरच्या लोकांना एकोपा म्हणून एक प्रत गेली आणि एक मुख्याध्यापकांच्या खोलीत लागली, जुने चार फोटो काढून जागा करावी लागली एवढी लांब. मामा बघायला आले. काचेला नाक लावून टोकापर्यंत गेले.

'ह्यो मी व्हय?'

'हो.'

'शर्टावरून कळतं,' ते म्हणाले आणि घंटा द्यायला गेले.

उन्हाळ्यात ते रिटायर झाले. पंधरा दिवसांनी त्यांनी मला चहाला बोलावलं. एवढी वर्षं मी त्या गावात होतो आणि त्या वस्तीत कधी पाऊल टाकलं नव्हतं. कारण काय, तर काही काम पडलं नाही. मला वाटलं, फोटोचं काहीतरी बोलतील, चार शब्द सुनावतील, आणि मी ऐकून घ्यायच्या तयारीनं गेलो. दोन खोल्यांचं घर, सारवलेलं. मला खुर्ची दिली. मामांची बायको कप घेऊन आली, तीन-चार नातवंडं दाराशी दाटीवाटीनं उभी राहिली.

'ह्येच ते सर,' मामा तिला म्हणाले. 'म्हणलं न्हवतं का? माझ्यापायी चेअरमनसंगं भांडले. भर मैदानात! मी त्या टोकाला, आयकू काय आलं न्हाई, पर बगत व्हतो ना. हात करू करू बोलायलते. त्यो खांद्याला धरून दाबायलता, तरी ह्ये बोलतेतच. पार म्हातारा झालो साळंत, माझ्यासाठी चेअरमनम्होरं कुनी तोंड उघडलं न्हवतं.'

बाईनं माझ्याकडं बघितलं. डोळे भरले होते तिचे. 'आमचं घर जाळलं तवा बी कुनी बोललं न्हाई वो, सर. काय म्हणलाव मंग तुमी त्येला?'

पोरं पुढं सरकली, ऐकायला. मामाही थांबले, कारण त्यांनाही ते माहीत नव्हतं.

मी म्हणालो, 'म्हटलं, मामा पुढं उभे राहिले तरच बटण दाबीन.'

'आगं माय!' ती म्हणाली. मामांनी थोरल्या नातवाच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, 'आयकलास?' पोरगा माझ्याकडं डोळे मोठे करून बघत राहिला. तिनं आत जाऊन चहाचं पातेलं आणलं आणि माझा कप पुन्हा काठोकाठ भरला. मी तोही प्यालो.